माजघरातून स्लॅबखाली

आळंदीत गुढीपाडव्यापासून माउलींच्या संजीवन समाधीवर चंदनाची उटी चढते. पंढरपुरात विठ्ठलालाही पाडव्यापासून मृग लागेपर्यंत उटी लावतात. देवाला ऊन बाधू नये म्हणून एवढं जपणाऱ्या या मुलखात घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठीही उन्हाळ्याची एक वहिवाट होती. तिचा निम्मा भार घराच्या भिंतींनीच उचललेला असे.

पवना आणि इंद्रायणीच्या काठची पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चिखली ही कारखाने येण्याआधी शेतीवर जगणारी गावं होती. ऐपतीप्रमाणे घर लहानमोठं असे, पण त्याची बांधणी ओळखीची. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर कौलं, आणि परिस्थिती जरा बरी असेल तर कडीपाटाचं छत, म्हणजे लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. अशी भिंत तापायला वेळ घेते. दुपारची धग आत पोचेपर्यंत दिवस कलतो, आणि तोवर आजी-आजोबांचं अंथरूण अंगणात पडलेलं असे. दिवसा त्यांची जागा माजघरात. तिथे उजेड बेताचा, शेणाने सारवलेली जमीन गार, कोपऱ्यात माठ आणि त्यात वाळ्याची जुडी. उन्हं उतरली की ओसरीवर नाहीतर ओट्यावर बैठक. ओट्यावरचा म्हातारा गावाच्या नजरेत असायचा. एखाद्या दिवशी तो दिसला नाही, तर जाणारा-येणारा हटकून आत डोकावायचा.

सणावारांचीही याला जोड होती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि आंबेडाळ. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा, छत्री, पंखा यांचं दान. कैरी, गूळ आणि मिठाचं पन्हं घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढतं. रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं. वाटी हळूहळू काळी पडते आणि उष्णता उतरली असं म्हणतात. काळेपणा खरं तर तूप आणि धातूच्या घर्षणातून येतो. पण या रिवाजाचा मोठा गुण वेगळाच होता. घरातलं कुणीतरी रोज पंधरा-वीस मिनिटं म्हाताऱ्या माणसाचे पाय हातात घेऊन बसायचं. अंग तापलंय, कातडी कोरडी पडलीय, बोलणं असंबद्ध होतंय, हे त्याला सांगावं लागत नसे. अर्थात ही सगळी सेवा बहुतेक सुनांच्या माथी होती, आणि खोपटात राहणाऱ्याला कुठलं माजघर आणि कुठला कडीपाट!

मग कारखाने आले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडच्या रांगा लागल्या. टेल्कोच्या पिंपरी कारखान्यात कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकरांनी उघड्या माळावर झाडं लावली, तळं करवून घेतलं. कारखान्याला सावली हवी हे त्यांना कळलं होतं. कामगारांच्या वस्त्यांना मात्र असा मूळगावकर मिळाला नाही. सातारा-सांगलीकडून, कोकणातून आणि 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली माणसं मिळेल त्या खोलीत राहिली. खोली दहा बाय दहाची, वर पत्रा. सकाळी दहालाच पत्रा तापे, पण तरुण माणूस त्या वेळी शिफ्टला असे. आईवडील गावाकडेच होते. त्यामुळे इथला उन्हाळा हा म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे, असं कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

1970 मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, 1972 मध्ये नवनगर प्राधिकरण आणि 1982 मध्ये महानगरपालिका. 2011 च्या जनगणनेत शहर सव्वासतरा लाखांच्या पुढे गेलं. चाळींच्या जागी आरसीसीच्या इमारती आल्या. पुढे चाकणचंही तेच झालं. कांद्याच्या बाजाराचं हे गाव वाहन उद्योगाचं केंद्र बनलं. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीत कारखान्यांना देऊन उरलेल्या जमिनीवर भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या आणि मालकांचे स्लॅबचे बंगले उठले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. जुनी भिंतही रात्री ऊब सोडायची, पण तेव्हा झोपायला अंगण होतं.

1970 साली पंचविशीत कंपनीत लागलेला कामगार आज ऐंशीच्या घरात आहे. फ्लॅट वरच्या मजल्यावर, मुलगा फर्स्ट शिफ्टला, सून ऑफिसात, दार आतून बंद. वयाप्रमाणे तहान कमी लागते, घाम कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जातं. या गोळ्या उन्हाळ्यात चालू ठेवायच्या की मात्रा बदलायची, हे डॉक्टरांनाच विचारायला हवं. शहरात नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे अंगावरून ओला पंचा फिरवतानाही जुन्या पिढीचा हात आखडतो. पारा काही आजच चढलेला नाही. पुण्यात 30 एप्रिल 1897 ला 43.3 अंश नोंदले गेले होते. एप्रिल 2019 मध्ये 43. बदललं आहे ते छप्पर, आणि बदलली आहे रात्र. चिंचवडचं किमान तापमान बऱ्याचदा शिवाजीनगरपेक्षा जास्त असतं, म्हणजे दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला गार वेळच मिळत नाही.

ऑगस्ट 2003 मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे 15,000 जणांचा बळी घेतला. त्यांत वृद्ध सर्वाधिक होते. छपराला लागून असलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या विशेष घातक ठरल्या. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांनी एकट्या वृद्धांची यादी ठेवून उष्णतेच्या दिवसांत त्यांची चौकशी करायला सुरुवात केली. मे 2010 च्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग दिला. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्येष्ठांसाठी महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, बहुतेक भागांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. ओट्याचं काम ते करू शकतात. सोसायट्या पार्किंगची आणि मेंटेनन्सची नोंद काटेकोर ठेवतातच. त्याच वहीत आणखी एक पान उघडावं: दुपारी घरात एकटं कोण असतं, शेवटच्या मजल्यावर कोण राहतं, घरच्यांची शिफ्ट कोणती, आणि घराची जादा किल्ली शेजारी कुणाकडे. मार्चमध्ये हे पान भरलं आणि गच्चीला चुन्याचा हात मारला, तर एप्रिलच्या दुपारी तीन वाजता कुणाचं दार वाजवायचं, हे वॉचमनलाही ठाऊक असेल.