गुलबाक्षीचं बी आणि गुलछबूचे कंद

आमच्या लहानपणी सोलापूरच्या वाड्यांत फुलझाडं कुणी विकत आणत नसे. बी मागून आणायचं, कंद वाटून घ्यायचे. नानीच्या अंगणात न्हाणीच्या सांडपाण्यावर गुलबाक्षी माजायची. असरच्या अजानच्या सुमारास तिची फुलं उमलायची. मिऱ्यासारखं काळं बी नानी कागदाच्या पुडीत बांधून शेजारच्या पद्मशाली अक्कांना द्यायची. पावसाच्या तोंडावर अक्कांकडून निशिगंधाचे कंद यायचे. नानी त्याला गुलछबू म्हणायची.

या दोन नावांत दख्खनचा मोठा इतिहास दडला आहे. ‘गुल’ म्हणजे फारसीत फूल. गुल-ए-अब्बास हे नाव इराणच्या शाह अब्बासशी जोडलं जातं. बोलता बोलता त्याचं गुलबास झालं, गुलबाक्षी झालं. गुलछबू म्हणजे गुल-ए-शब्बू. ‘शब’ म्हणजे रात्र, ‘बू’ म्हणजे वास. आता ‘निशिगंध’ शब्द फोडून पाहा. निशा म्हणजे रात्र, गंध म्हणजे वास. एकाच फुलाला दोन भाषांनी एकच नाव ठेवलं आहे.

गंमत अशी की ही झाडं ना इराणची, ना इथली. दोन्ही अमेरिका खंडातली. निशिगंध मेक्सिकोचा, झेंडूही तिकडचाच. सोळाव्या शतकापासून युरोपीय जहाजांमुळे अमेरिकेतली झाडं जगभर पसरली. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला आणि त्या व्यापाराचं एक दार दख्खनच्या शेजारीच उघडलं. आज झेंडूशिवाय दसऱ्याचं तोरण होत नाही आणि सोलापुरातल्या तेलुगू बायकांची बतुकम्मा सजत नाही. दर्ग्यातल्या फुलांच्या चादरीतही तो असतो. कानडीत त्याला चेंडू हूवु म्हणतात, तेलुगूत बंती. दोन्हीकडे अर्थ एकच, चेंडू.

दरबारांनाही फुलांची हौस होती. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात सुगंधावर ‘इत्र-ए-नवरसशाही’ हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. पण तवारिखकारांचं लक्ष किल्ल्यांवर. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी हुसेन निजामशहाने आपली मुलगी चाँदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण दिला. ही नोंद तवारिखांत सापडते. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेलेल्या बियांची नोंद कोण ठेवणार? ती फक्त फुलांच्या नावांत उरली आहे.

म्हणून मराठीतून फारसी शब्द वेचून काढायची भाषा कानावर आली की मला ते अंगण आठवतं. गुलाब काढायचा, गुलबाक्षी काढायची, मादागास्करहून आलेला गुलमोहरही काढायचा. मग उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या त्या लालभडक झाडाला हाक कोणत्या नावाने मारायची? शब्द आपला की परका हे ठरवणाऱ्यांनी आधी झाडाचं मूळ गाव विचारावं. दसऱ्याला दारावर बांधलेलं तोरण मेक्सिकोचं निघेल.

निशिगंधाची एक खोड जुन्या बायकांना पक्की ठाऊक होती. त्याचे कंद जमिनीत वाढत जातात, एकमेकांना खेटतात. तीनचार वर्षांत ते उकरून वेगळे केले नाहीत तर फुलं कमी होतात. वेगळे केलेले सगळे कंद एका अंगणात मावत नाहीत, म्हणून ते वाटावे लागतात. वाटणं हा नुसता शेजारधर्म नव्हता, झाडाचीही ती गरज होती.

नानी गेली, वाडा पाडला, अंगणावर फरशी आली. गुलबाक्षी संपली असं आम्ही धरून चाललो. मागच्या पावसाळ्यात अक्कांच्या सूनबाईंनी एक पुडी पाठवली. उघडून पाहिली तर मिऱ्यासारखं काळं बी. “तुमच्याच नानींचं आहे,” त्या म्हणाल्या. आमच्या घरातून गेलेलं बी त्यांनी दरवर्षी पेरून जपलं होतं. आम्ही त्यांना दिलं होतं, म्हणूनच ते उरलं.