आत गेले किती, बाहेर आले किती?

मिरज म्हटलं की सतारी आठवतात आणि दवाखाने. वानलेसवाडीचं क्षयरोग सॅनेटोरियम त्यातलंच. औषधं निघण्याआधी क्षयावर मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं हाच उपचार होता. पण हवेतलं नक्की काय फुफ्फुसात जाऊन बसतं, हे मोजलं कसं?

१८७० साली लंडनला जॉन टिंडालने अंधारात प्रकाशाचा झोत सोडला. झोतात धूळ चमकत होती. त्यात त्याने श्वास सोडला, तर शेवटी शेवटी चक्क काळं भोक पडलं! म्हणजे खोलवरून आलेल्या हवेत धूळच नव्हती. ती आतच राहिली होती.

पुढे १८८० च्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने कण मोजायचं यंत्र केलं. युक्ती अशी, की कणावर वाफ जमू द्यायची. त्याचा थेंब झाला की तो दिसतो. आजचे काउंटर हेच करतात, फक्त पाण्याऐवजी बहुधा ब्युटेनॉल आणि डोळ्याऐवजी लेसर. आत गेलेले वजा बाहेर आलेले. झालं!

पण वजाबाकी 'किती' ते सांगते, 'कुठे' ते नाही. त्यासाठी कणांना किरणोत्सारी खूण करतात. टेक्नेशियम-९९एम त्यातलं लाडकं, कारण ते ६ तासांत निम्मं होतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे फवारे देणारा स्वतःचा नेब्युलायझर बनवला. रुग्णाने फवारा ओढायचा, गॅमा कॅमेऱ्याने चित्र घ्यायचं.

आता खरी मेख. मोठे कण आपटून किंवा खाली बसून अडकतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भिंतीला चिकटतात. मधले, साधारण ३०० नॅनोमीटरचे, सर्वात कमी अडकतात. आणि १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मॉडेलनुसार २० नॅनोमीटरच्या कणांपैकी जवळजवळ निम्मे थेट वायुकोशांत बसतात.

आपले २००९ चे हवेचे निकष मात्र धूळ वजनात मोजतात. गणित करून बघा: २.५ मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात २० नॅनोमीटरचे १९,५३,१२५ कण मावतात (घनता सारखी धरून). डिझेलच्या ताज्या धुरात संख्येने असलेच बारीक कण जास्त.

थोडक्यात, काटा 'ठीक आहे' म्हणाला तरी फुफ्फुसाचा हिशोब वेगळाच असू शकतो. तुम्हाला काय वाटतं, वजनाबरोबर संख्याही मोजायला नको?