रोग्याची रात्र कशी गेली?

'रोग्याची रात्र चांगली गेली काय?' असें डॉक्टरानें विचारावें आणि उशाशीं बसलेल्यानें 'नाहीं' म्हणावें, हा परिपाठ आपल्या घरोघरीं आहे. या उत्तरानें कांहींच कळत नाहीं, असें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं लिहिलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकांत दाखवून दिलें. दोन रोग्यांविषयीं हेंच उत्तर मिळाल्याचें त्या सांगतात. एकाची झोप मधून मधून मोडली होती, एवढेंच. दुसऱ्याचा पांच अहोरात्र डोळ्यास डोळा लागला नव्हता आणि त्यांतच त्याचा अंत झाला. म्हणून किती तास झोंप लागली व कोणत्या वेळीं, असें विचारावें, हा त्यांचा आग्रह.

हातीं दिवा घेतलेली करुणामूर्ति, एवढीच या बाईंची ओळख आपणांस असते. १८५४ च्या नोव्हेंबरांत ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या, हें खरेंच. परंतु त्यांचें खरें शस्त्र गणना हें होतें. क्रिमियाच्या युद्धांत जखमांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनींच अधिक सैनिक मेले, हें त्यांनीं १८५८ सालीं आकृत्या काढून सरकारास पटविलें. तीच शिस्त त्यांनीं रोग्याच्या खाटेपाशीं आणली. ताट वाढलें याची नोंद पुरेशी नव्हे. त्यांतलें पोटांत किती गेलें, हें पाहावयाचें.

तेव्हां तापमापक यंत्र खाटेशीं रुळलें नव्हतें. वुंडरलिख यांचा ज्वरमापनावरील ग्रंथ १८६८ चा. परिचारिकेस डोळे, कान व हात यांवरच विसंबावें लागे. १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवें निघालेल्या शाळेंत हें अवलोकन शिक्षणाचा भाग झालें.

आज यंत्रें पुष्कळ आहेत. परंतु रोगी उत्तर द्यावयास कालपेक्षां वेळ लावतो, पाण्याचा पेला तसाच राहिला आहे, हें पाहण्यास शेजारीं माणूसच लागतें. तें पुस्तक केवळ धंदेवाईक परिचारिकांसाठीं नव्हतें. घरांत दुसऱ्याच्या प्रकृतीचा भार वाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीसाठीं होतें. पुरुषांनींही त्यांतून आपणांस वगळूं नये, असें आम्हांस वाटतें. डॉक्टर घटकाभर येतो. उरलेल्या वेळाचा साक्षीदार शुश्रूषा करणारा असतो. माया पुष्कळ असूनही साक्ष मोघम राहिली, तर तिची किंमत रोग्यास भरावी लागते.