चेरापुंजीचं झाड कुंडीत पाण्यानं का मरतं? रबर प्लांटची दोनशे वर्षांची गोष्ट



आजची नोंद बागेतली नाही, घरातली आहे.

दोन वर्षांपूर्वी सूनबाईनं नर्सरीतून रबर प्लांट आणला. जाड, चकचकीत पानं, शेंड्याला लाल टोक. म्हणाली, "बाबा, आपली रबराची बाग आहे, तर याची काळजी तुम्हीच घ्या." दोडामार्गात आमची काजूसोबत थोडी रबराची लागवड आहे. मलाही वाटलं, यात काय अवघड? हॉलमध्ये कुंडी ठेवली, रोज सकाळी एक तांब्या पाणी. खाली ताटली, ती कायम भरलेली.

चतुर्थीच्या सुमारास खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. अजून वाढवलं. आई म्हणाली, "ह्यो काय तरवो आसा रे, रोज पाणी घालूक?" मी काही ऐकलं नाही. नवरात्रात खोड बुडाशी मऊ लागलं. कुंडी उलटी केली तर मुळं काळी, कुजलेली, वास गटारासारखा.

शेंडा तेवढा हिरवा होता. तो कापला, चीक धुतला, वाळू आणि कोकोपीटमध्ये लावला. तो जगला, आज कमरेएवढा आहे. पण रबराची बाग असलेल्या माणसाच्या घरात रबराचं रोप कुजलं, हे मनाला लागलं. मग या झाडाची माहिती शोधत बसलो आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की ते आपल्या बागेतलं रबर नव्हेच.

आपण चीक काढतो ते झाड ब्राझीलचं, हेविया, एरंडाच्या कुळातलं. कुंडीतलं आहे फायकस इलॅस्टिका. ते वड, पिंपळ, उंबराचं सख्खं भावंड आणि फणसाचं चुलत. त्याचं मूळ घर आसाम, मेघालयाचे डोंगर, तिथून पुढे म्यानमार ते जावापर्यंत. म्हणजे आपल्याच देशातलं झाड आपण परदेशी शोभेचं म्हणून विकत आणतो.

शास्त्राच्या पुस्तकात ते शिरलं एका टोपलीमुळे. १८१० च्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून मधाने भरलेली वेताची टोपली आली. टोपलीतून मध गळत कसा नाही? आतून झाडाचा चीक लिंपलेला होता. सिल्हेटच्या उत्तरेकडच्या डोंगरातले लोक हे सहज करत. त्या चिकाचं झाड शोधून रॉक्सबर्गनी त्याला नाव दिलं. नाव साहेबाच्या पुस्तकात गेलं, पण माहिती डोंगरातल्या माणसांची होती.

तिथले खासी आणि जैंतिया लोक या झाडाचा आणखी एक उपयोग करतात. ओढ्याकाठी वाढलेल्या झाडाची लोंबती मुळं पोखरलेल्या पोफळीच्या खोडातून पलीकडच्या काठापर्यंत नेतात. पंधरा-वीस वर्षांत मुळं तिकडे रुजतात, जाड होतात आणि जिवंत पूल तयार होतो. नाँग्रियाटचा दुमजली पूल बघायला लोक लांबून जातात. लाकडी साकव तिथल्या पावसात कुजतो, हा मात्र दरवर्षी मजबूत होतो.

चेरापुंजीला वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मग माझा प्रश्न असा, की एवढा पाऊस अंगावर घेणारं झाड माझ्या एका तांब्यानं मेलं कसं?

उत्तर झाडाच्या जन्मात आहे. जंगलात याचं बी बहुतेकदा जमिनीवर रुजत नाही. पक्षी फळ खातात, विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं. आपल्याकडे आंब्यावर पिंपळ उगवतो तसंच. तिथे माती म्हणजे ओंजळभर पालापाचोळा. पाऊस कितीही पडो, पाणी क्षणात निथळून जातं आणि मुळांना हवा मिळते. पाऊस थांबला की वरची मुळं कोरडी. जाड पान पाणी धरून ठेवतं ते त्यासाठीच. याला पाण्याचं भय नाही, साचलेल्या पाण्याचं आहे. माझी ताटली तेच करत होती.

हाच धडा दीडशे वर्षांपूर्वी आसामच्या वनखात्यानं घेतला होता. तेव्हा जगाला रबर हवं होतं आणि आसामच्या जंगलात ते या झाडापासून मिळत होतं. गोळा करण्याचे ठेके दिले जात. झाड उद्या राहील का, याची ठेकेदाराला फिकीर नव्हती. खोड, फांद्या, लोंबती मुळं, जिथे कोयता पोचेल तिथे घाव. जंगलातली झाडं मरू लागली. मग १८७३ मध्ये तेजपूरजवळ चारद्वार इथे सरकारनं लागवड सुरू केली. वनाधिकारी गुस्ताव मान यांनी आधी रोपं दुसऱ्या झाडांच्या बेचक्यांत लावून पाहिली. वाढ फार सावकाश. मग मातीचे उंचवटे करून त्यावर लावली. निचरा झाला, झाडं लागली.

पण तोवर बाजार दुसरीकडे वळायला लागला होता. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलहून हेवियाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यातल्या शंभरात जेमतेम चार रुजल्या, पण तेवढ्यावर श्रीलंका आणि मलायातल्या लागवडीचा पाया पडला. पुढे सिंगापूरला हेन्री रिडली यांनी साल पातळ कापून, झाड न मारता पुन्हापुन्हा चीक काढायची पद्धत बसवली. हेविया एक दिवसाआड कापता येतं आणि साल परत भरते. फायकसला लांब विश्रांती लागते. हिशेब तिथेच संपला. १९०२ मध्ये केरळात पेरियारकाठी तट्टेकाडला लागवड झाली, तीही हेवियाचीच. तेच झाड पुढे आपल्या सिंधुदुर्गात आलं.

आसामचं रबर मग उरलं शोभेला. युरोपात एकोणिसाव्या शतकातच ते घरात शिरलं होतं. गॅसच्या दिव्यांच्या, कमी उजेडाच्या दिवाणखान्यात नाजूक झाडं मरत, हे टिकायचं. तिथून फिरत ते आपल्या हॉलमध्ये आलं.

आता या सगळ्यातून कुंडीसाठी मी काय घेतलं ते सांगतो.

पाणी: बोट दोन पेरं मातीत घालायचं. कोरडं लागलं तरच पाणी, तेही भोकातून निथळेपर्यंत. ताटलीतलं पाणी लगेच ओतून द्यायचं. आपल्या पावसाळ्यात घरातल्या कुंडीला आठ-दहा दिवस पाणी लागत नाही.

माती: नुसती लाल माती नको, ती बसते. माती, कोकोपीट, जाड वाळू आणि थोडं शेणखत. म्हणजे कुंडीतलं बेचकंच.

उजेड: खिडकीजवळ भरपूर उजेड, पण एप्रिल-मेचं दुपारचं ऊन थेट नको. सारखी जागा बदलली तर पानं टाकतं.

पानं: ओल्या फडक्यानं पुसायची. धूळ जाते आणि पानामागचे खवले कीड, पिठ्या ढेकूण वेळीच दिसतात.

नवं रोप: फायकसच्या प्रत्येक जातीची आपली एक बारीक माशी असते. ती नसेल तिथे बी धरत नाही, म्हणून कलमच करायचं. पावसाळ्यात गुटी बांधा, बोटभर रुंद साल काढून, ओलं शेवाळ आणि वर प्लास्टिक.

जपून: चीक कातडीला, डोळ्याला झोंबतो. पोरांना आणि जनावरांना पानं चघळू देऊ नका. आणि मोठं झालं म्हणून घराच्या भिंतीलगत लावू नका. जी मुळं पूल बांधतात ती पायाही उचलतात.

शेवटी स्वतःसाठी एक नोंद. गेल्या वर्षी दर चढा होता तेव्हा टॅपिंगवाल्याला मीच म्हणालो होतो, "रोज काप, थोडं खोल जाऊ दे." दोन ओळींतल्या झाडांचा चीक आटला, साल गाठाळ झाली. आसामच्या ठेकेदारांची गोष्ट वाचताना ती झाडं डोळ्यांसमोर आली. यंदा त्या दोन ओळींना पूर्ण विश्रांती दिली आहे. साल भरते का ते पुढच्या पावसानंतर इथेच लिहीन.

तुमच्या घरी रबर प्लांट असेल तर आज एवढंच करा, ताटली रिकामी करा.