मिठाची वाट, हर्सूलपर्यंत

चपला इथंच काढा. या चिखलात त्या टिकायच्या नाहीत. मार्गशीर्षातली पहाट आहे, साल १८४० च्या आगेमागे, आणि तुम्ही उरणच्या खाडीकाठी उभे आहात. ओठांवरून जीभ फिरवा, खारट लागेल. बोटांच्या चिरांत मीठ गेलंय, ते चुरचुरतंय. ओहोटी लागली आहे, त्यामुळे तिवरांच्या मुळांतून कुजक्या पानांचा न् शेवाळाचा वास उठलाय. गेल्या उन्हाळ्यात काढलेल्या मिठाच्या राशी गवतानं शाकारून ठेवल्यात. ते गवत बाजूला सारून आगरी बाया टोपल्या भरतात आणि वीतभर रुंदीच्या बांधावरून पळतच तुमच्याकडे येतात. सरका, नाहीतर त्यांच्यासकट खाडीत जाल.

पोटरीला ओलं नाक लागलं ना? तो चित्र्या. करवानी कुत्रा. निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट, आणि गळ्यात खिळे ठोकलेला चामडी पट्टा. तो पट्टा कशासाठी, ते घाटाखाली कळेल.

तुम्ही औरंगाबादजवळच्या हर्सूलचे. दिवाळी उरकून लमाणांच्या तांड्याबरोबर बैल हाकायला कोकणात उतरलात, आता मीठ भरून परत निघालात. दिवसाला तीन-चार कोस, म्हणजे घर महिन्याभराच्या वाटेवर. भोगीच्या आत येतो, असं आईला सांगून आला आहात.

चला, गोणी भरा. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी ही जाड गोणी, तागाची, हातानं शिवलेली. एक अंग हलकं राहिलं तर कोसभरात बैलाची पाठ सोलवटते आणि सोललेल्या कातडीवर मीठ झिरपलं की ते जनावर रात्रभर थरथरत उभं राहतं. म्हणून तांड्याचा नायक प्रत्येक गोणीला स्वतः हात लावून पाहतो. तुमच्या समोर दुसरा गडी उभा आहे. दोघांनी वाकायचं, बोटं गोणीखाली घालायची, त्यानं हुंकार भरला की एकदम उचलायचं. मणक्यातून कळ गेली? जाऊ द्या. अजून दीडशे बैल आहेत.

पुढच्या बैलाच्या कपाळावर कवड्या, आरसे, मोरपिसं. तो चालू लागला की त्याच्या घंटेमागं सगळा तांडा हलतो. खुरांचा चिखलात चपक-चपक आवाज, शेकडो घुंगरं, पाठीवर पोर बांधलेल्या बायांच्या हातातल्या बांगड्यांची खडखड. खाडीच्या कडेकडेनं पनवेलकडे जाताना चित्र्याला निवट्या दिसतात. चिखलावर उड्या मारणारा हा मासा त्यानं जन्मात पाहिलेला नाही. तो झेप घेतो, निवटी बिळात, चित्र्या कानापर्यंत चिखलात. पुन्हा उठतो, पुन्हा झेप. कालवं फोडणाऱ्या कोळणी हसून बेजार होतात आणि त्यातली एक त्याला वाळका बोंबील फेकते. तेवढ्यासाठी तो पुढं दोन दिवस मागं वळून वळून पाहतो.

कल्याण, मुरबाड भराभर मागं टाकू. खंडाळ्याच्या घाटात गाडीरस्ता झालाय, पण तिथं गाड्यांची गर्दी आणि टोलही, म्हणून नायकाचा भरवसा जुन्या नाणेघाटावर. घाटाखाली वैशाखऱ्याला मुक्काम पडतो. गोण्या उतरवून त्यांची गोल भिंत रचतात, आत माणसं, लेकरं, बैल आणि शेकोट्या. भिंतीबाहेर फक्त कुत्री. तुम्ही गोधडीत शिरता, समोरचं अंग भाजतंय आणि पाठ गारठलीय, धुरानं डोळे चुरचुरताहेत. मध्यरात्री बैल एकदम उठून उभे राहतात. आधी वास येतो, उग्र. मग चित्र्याचं भुंकणं मध्येच तुटतं, झटापट, एक करवादलेला आवाज. तुम्ही पेटतं लाकूड घेऊन भिंतीवरून उडी मारता तोवर बिबट्या रानात गेलेला असतो. चित्र्याच्या पट्ट्याचे दोन खिळे वाकलेत, कानाची कड फाटलीय, आणि तो अजून अंधाराकडे तोंड करून गुरगुरतोय. त्याच्या छातीवर तळवा ठेवा. धडधड बोटांना लागते ना?

सकाळी चढण. दोन हजार वर्षं माणसांनी न् जनावरांनी झिजवलेला हा दगड दवानं निसरडा झालाय. बैलाची शेपटी पिरगाळत, खांद्यानं त्याला मागून रेटत वर चढायचं. घामाला गोमूत्राचा वास, श्वासाची वाफ. तावेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं १७ व्या शतकात लिहून ठेवलंय की दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद वाटेवर आडवा आला तर प्रवाशांना दोन-तीन दिवस खोळंबावं लागतं. आपला तांडा छोटा, तरी वरून भाताचे बैल उतरले आणि शिव्यांनी घाट दणाणला. लेण्याजवळच्या टाक्यात तोंड घाला, पाण्यानं दात ठणकतील. भिंतभर ब्राह्मी अक्षरं आहेत, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातली, पण इथं ती वाचायला कुणाला सवड आहे? घाटमाथ्यावर जकातीचा दगडी रांजण ओलांडला की वारा कोरडा होतो. तुमची नाकपुडी लगेच ओळखते, हा देशावरचा वारा. चित्र्याचे पंजे मात्र फाटलेत. एरंडेल चोळून चिंध्या बांधा. दहा पावलं तो पाय झटकतो, मग सोडून देतो.

पुढं जुन्नर, बेल्ह्याचा बैलबाजार, नगर. तांदळाची भाकरी गेली, ज्वारीची आली. शेतांत हुरडा धरलाय. कडेला आगटी पेटलेली दिसली की थांबा आणि चिमटीभर मीठ दाखवा. शेतकरी कणसं भाजून, चोळून, गरम हिरवे दाणे तुमच्या ओंजळीत ओततो. पाहा, तो मीठ कसं घेतो. दोन्ही हातांनी, खाली धोतराचा सोगा पसरून. एक खडा मातीत पडला तर वाकून उचलतो, फुंकर मारतो आणि तोंडात टाकतो. समुद्र त्यानं पाहिलेला नाही, पाहायचाही नाही. मला विचाराल तर या सगळ्या वाटेवर बघण्यासारखं हेच आहे.

टोक्याला गोदावरी. मिठाचा खरा वैरी बिबट्या नव्हे, पाणी. सिद्धेश्वराच्या घाटाशी सगळा तांडा रिकामा करायचा, गोण्या नावेत, बैल पाण्यात. कमरेएवढ्या गारठ्यात उभं राहून तुम्ही डोक्यावरून गोणी पुढं देता, मागून दुसरी येते. हात बधिर झालेत, ओठ हलेनात. एक गोणी काठाला भिजली तर नायक काही बोलत नाही, नुसता बघतो. ते बोलण्यापेक्षा वाईट. चित्र्या बैलांच्या मधून पोहत पार होतो आणि अंग झाडतो ते नेमकं सुक्या मिठापाशी. पळा, हाकला त्याला!

पलीकडे कायगाव, वाळूज, मग औरंगाबाद. पाणचक्कीपाशी दळणाचा गरम वास घ्या. ते चक्र फिरवणारं पाणी उत्तरेच्या डोंगरातून, तुमच्या गावाकडच्या अंगानं, जमिनीखालून आलंय. शहरातून दिल्ली दरवाजा ओलांडला की घर कोसभर. हर्सूलचा तलाव शोधू नका, तो व्हायला अजून शंभरेक वर्षं आहेत. इथं तुरीची शेतं आणि गाडीवाट. चित्र्या दोर हिसकून पळतो.

हरसिद्धीच्या देवळापाशी गावची कुत्री त्याला आडवी येतात आणि गावभर कालवा होतो. दारात बाजरीच्या भाकऱ्यांवर तीळ थापणारे हात थांबतात. "आलास का रे! किती वाळलास!" मजुरीत मिळालेली तुमची मिठाची पिशवी अजून खाली ठेवलेली नाही, तोवर आळीतल्या बाया वाडगे घेऊन आल्यासुद्धा. काकू म्हणतात, "मला आधी, माझी भाजी चुलीवर हाय." आई ओरडते, "थांबा बाई, पोराला पाणी तर पिऊ द्या." तुम्ही पिशवीचं तोंड सोडता. सगळ्यांचे हात एकदम पुढं येतात, आणि त्यांच्या खालून चित्र्याचं नाकही.