वजनकाट्याला न दिसलेले: दोन डॉक्टर, एक छायाचित्र

१/ जानेवारी २००४. ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. त्यात दोन डॉक्टर होते: पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन एस. युडकिन. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातील चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! (थ्रेड)

२/ काटा सारखाच आकडा दाखवत होता आणि देह मात्र निराळे होते. लठ्ठपणाच्या वैद्यकाचा इतिहास हा बराचसा या एका चुकीचा इतिहास आहे. वैद्यांनी वजन मोजले; ते वजन कशाचे, चरबीचे की स्नायूंचे, हा प्रश्न वारंवार मागे पडला.

३/ प्राचीन वैद्यांजवळ काटा नव्हता, म्हणून ते डोळ्यांनी पाहत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूल कोणाला म्हणावे हे सांगितले आहे. मेद व मांस वाढून उदर, नितंब आणि स्तन हलू लागतात, आणि वाढलेल्या देहाला साजेसा उत्साह मात्र उरत नाही. वजनाचा उल्लेख नाही. चरबी कोठे साठली आणि शक्ती किती उरली, हे निकष आहेत.

४/ आता १८३२ कडे येऊ. बेल्जियमचे अडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एखाद्या रुग्णाचे निदान करणे हा त्यांचा हेतूच नव्हता.

५/ १८६२, लंडन. अंत्यविधीची व्यवस्था करणारे विल्यम बँटिंग यांचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. एका वैद्याच्या सल्ल्याने ते नाव वल्हवू लागले; ताकद वाढली, पण भूकही वाढली! पुढे कमी ऐकू येते म्हणून ते डॉ. विल्यम हार्वी यांच्याकडे गेले. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारे हार्वी ते वेगळे, ते दोन शतकांपूर्वीचे.)

६/ हार्वी यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. बँटिंग यांनी १८६३ मध्ये पुस्तिका काढली आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ हे क्रियापदच रूढ झाले. मात्र यशाचे माप एकच होते: काटा किती खाली आला.

७/ १९४५, शिकागो. गार्डिनर जनरल हॉस्पिटल या लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतीने मांड्या वाळलेले सैनिक दाखल होते. हलके वजन आणि पुष्कळ आवर्तने, ही तेव्हाची रीत. स्वतः वजने उचलणारे तरुण डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी ती उलटवली: जड वजन, थोडी आवर्तने, आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवत जाणे.

८/ आज प्रत्येक जिममध्ये ऐकू येणारे ‘दहाचे तीन सेट’ डिलॉर्म आणि त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांच्या १९४८ च्या पद्धतीतून आले. पण हे ज्ञान मुख्यतः अस्थिरोग व पुनर्वसन विभागांत राहिले. लठ्ठपणावर उपचार करणारे डॉक्टर काट्याकडेच पाहत राहिले.

९/ १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांच्या मोजमापांवरून केटले यांचे सूत्र उचलून धरले आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. लोकसंख्येच्या अभ्यासाला ते सोयीचे होते. मात्र दवाखान्यात त्याचाच निवाडा होऊ लागला की कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान लठ्ठ ठरतो आणि पोट सुटलेला बारीक कारकून निरोगी!

१०/ हा निवाडा डळमळला तो पुण्याजवळच्या खेड्यांत. केईएम रुग्णालयात याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ कृश, तरीही चरबीयुक्त!

११/ याचे महत्त्व मोठे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, तर सडपातळ दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठू शकतो. म्हणूनच २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध होण्याची शिफारस केली.

१२/ २०२१ मध्ये अमेरिकेत सेमाग्लुटाइडला वजन घटवण्यासाठी मान्यता मिळाली. वजन भराभर उतरू लागले. पण उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. म्हणून आता डॉक्टर औषधासोबत पुरेशी प्रथिने आणि वजनांचा व्यायामही सांगतात. हार्वी यांचा आहार आणि डिलॉर्म यांची वजने अखेर एकाच चिठ्ठीवर आली आहेत.

१३/ शेवटी पुन्हा त्या छायाचित्राकडे. युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती धावत गाठणे, असा विनोद त्या टिपणातच आहे. त्यापुढे एक गंभीर नोंद आहे: जन्मतः याज्ञिक यांचेही वजन कमी होते. ज्या बाळांचा अभ्यास त्यांनी केला, त्यांतलेच एक ते स्वतः होते.