प्रकाशनाच्या सक्तीची बाजू

प्राध्यापकांच्या गप्पांत एका मतावर झटकन एकवाक्यता होते : शोधनिबंध छापण्याची सक्ती आली आणि संशोधनाचा दर्जा गेला, सक्ती काढा, विद्वान आपणहून सखोल लिहितील.

या पूर्वपक्षाला आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये ‘एपीआय’चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आणले, बढती त्यांना जखडली आणि पैसे भरताच निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिके तपासली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखानुसार त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता होती.

इथवर वाद नाही. पण म्हणून सक्तीच नको, हे अनुमान कच्चे आहे. पुरातत्त्वातले उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका घ्या. तिथे घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे बारा हंगाम उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन घरे सापडली, जमिनीखाली दोन मडक्यांची तोंडे जुळवून पुरलेली मुले सापडली, घोट्याखाली पाय तोडून पुरलेले प्रौढ सापडले. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये बाहेर आला.

‘बघा, एपीआयविना झाले!’ असे पूर्वपक्षी म्हणेल. मग राजस्थानातले कालीबंगन घ्या. उत्खनन १९६० ते १९६९. प्रारंभिक हडप्पा काळावरचा अहवाल २००३ मध्ये, पुढच्या काळावरचा २०१५ मध्ये. विलंबाची कारणे काहीही असोत, एपीआय तेव्हा तिथेही नव्हता. सक्ती नसली की काम तडीस जातेच, असे यातून दिसत नाही.

थर एकदा खणला की तो पुन्हा खणता येत नाही. मागे उरतात वस्तू, टिपणे आणि अहवाल. अहवालच आला नाही, तर खणणाऱ्याने पुरावा नाहीसा केला एवढेच घडते. इतर विषयांतही हाच न्याय लागू आहे. शेतकरी पाळीचे पाणी सोडून सर्वेक्षणाच्या प्रश्नांना तासभर उत्तरे देतो; ती उत्तरे कपाटात कोंडण्याचा हक्क अभ्यासकाला कोणी दिला? प्रकाशन हे ऋण आहे, आणि ऋणाला तगादा असतोच.

दोष आहे तो मोजदादीत. पंधरा वर्षांचे काम आणि पंधरा दिवसांचा निबंध यांतला फरक एपीआयच्या तक्त्यात थोड्या गुणांपुरता उरला. २०२२ मध्ये पीएचडीपूर्वी निबंध छापण्याची अट गेली, २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची आयोगाची ‘केअर’ यादीही मागे घेतली गेली. पण समोरचे लेखन वाचायचे कोणी, हा प्रश्न तसाच राहिला.

निवड समितीने उमेदवाराची दोनच लेखने मागवावीत, ती वाचूनच मुलाखतीला बसावे आणि प्रश्न त्यांवरच विचारावेत. अशी सक्ती बोगस नियतकालिकाला परवडणार नाही, आणि काहीच न छापता सखोलतेची ग्वाही देणाऱ्यालाही नाही.